हाडांमधली वाट

फोरबर्ग म्हटलं की डच माणसाला दोन नावं आठवतात. एक स्पिनोझाचं. 1663 पासून काही वर्षं तो इथं भाड्याच्या खोलीत राहिला, पोटासाठी भिंगं घासली आणि उरलेल्या वेळात तत्त्वज्ञान लिहिलं. दुसरं नाव हॉयगेन्स घराण्याचं. फ्लीट कालव्याच्या काठावर त्यांचा होफवाइक हा बंगला आजही उभा आहे, आणि शनीभोवतीचं कडं ओळखणारा क्रिस्टियान हॉयगेन्स तिथं राहत असे. 2002 मध्ये फोरबर्ग आणि शेजारचं लायडस्खेनडाम यांची मिळून एक नगरपालिका झाली. आता हेग शहराला चिकटलेलं, ट्रामनं सहज गाठता येणारं हे शांत उपनगर आहे.

या गावाचं तिसरं नाव मात्र प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. हेंड्रिक फान डेव्हेंटर 1651 मध्ये जन्मला आणि 12 डिसेंबर 1724 रोजी फोरबर्गमध्येच वारला. बाळ ज्या वाटेनं जगात येतं ती वाट हाडांची आहे, त्या हाडांना आकार असतो, तो आकार बिघडू शकतो आणि बाळंतपण अडण्यात त्या बिघाडाचा मोठा वाटा असतो, ही गोष्ट त्यानं पद्धतशीरपणे मांडली. आज ती इतकी उघड वाटते की कुणाला तरी ती पहिल्यांदा नीट सांगावी लागली, यावरच विश्वास बसत नाही.

हा माणूस विद्यापीठात घडलेला नव्हता. तरुणपणी तो सोनारकाम शिकला. मग ज्यां द लाबादी या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या पंथात सामील झाला. हे लोक घरदार, पैसाअडका सामायिक ठेवून एकत्र राहत. 1675 नंतर त्यांची वसाहत फ्रीसलंडमधल्या वीवर्ड गावात होती. तिथं फान डेव्हेंटर औषधं बनवू लागला, शस्त्रक्रिया करू लागला, आणि सुईणपण करणाऱ्या बायकोबरोबर बाळंतपणांनाही जाऊ लागला. पण त्याचा खरा लौकिक झाला तो वाकड्या हाडांच्या मुलांवरच्या उपचारांमुळे. धनुष्यासारखे पाय आणि बाक आलेली पाठ असलेली मुलं त्याच्याकडे येत, आणि तो पट्टे व आधार बांधून त्यांना सरळ करायचा प्रयत्न करी. डेन्मार्कचा राजा पाचवा ख्रिस्तियान यानं मुलांच्या उपचारासाठी त्याला कोपनहेगनला बोलावून घेतलं होतं. रीतसर डॉक्टर होण्याची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली, कारण पदवीची परीक्षा लॅटिनमध्ये आणि याला लॅटिन येत नव्हतं. 1694 मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठानं त्याला डचमध्ये परीक्षा द्यायची सवलत दिली. पुढच्याच वर्षी तो हेगला आला, आणि अखेरचा काळ त्यानं फोरबर्गच्या ‘सिऑन्सलुस्त’ या आपल्या वाडीवर काढला.

सोनाराचा हात, वाकड्या हाडांच्या मुलांचा अनुभव आणि बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश या तीन गोष्टी त्या काळात एका माणसात क्वचितच एकत्र आल्या असतील. शरीरशास्त्रज्ञ मेलेली हाडं पाहत. सुईणी जिवंत बायका पाहत. मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा रोग, झालेली मुलगी मोठी होऊन बाळंत होते तेव्हा काय होतं, हे दोन्हीकडे पाहणाऱ्यालाच कळणार होतं. माझ्या मते फान डेव्हेंटरचं सगळं श्रेय या एका योगात आहे.

आता ती हाडं पाहू.

श्रोणी, म्हणजे डॉक्टर ज्याला पेल्विस म्हणतात ते, चार हाडांचं कडं आहे. मागे मध्यभागी त्रिकास्थी, म्हणजे पाठीच्या कण्याचे एकमेकांत जुळून गेलेले पाच मणके. त्याच्या खाली टोकाला माकडहाड. आणि दोन्ही बाजूंनी मागून पुढे वळत येणारी दोन मोठी श्रोण्यस्थी, जी पुढे ओटीपोटाच्या तळाशी कूर्चेच्या सांध्यानं जोडली जातात. यातलं प्रत्येक श्रोण्यस्थी जन्मतः एक हाड नसतं, तीन असतात. वरचं पसरट हाड म्हणजे श्रोणिफलक. कंबरेवर हात ठेवला की बोटांना लागते ती याचीच कड, आणि पोर कडेवर घेतलं की ते टेकतं तेही इथंच. खालचं आसनास्थी, जे कडक बाकावर तासभर बसल्यावर आपली आठवण करून देतं. पुढचं जघनास्थी. ही तिन्ही हाडं खुब्याच्या उखळीत येऊन भेटतात, आणि साधारण चौदा ते सोळा वर्षांपर्यंत त्यांच्यामध्ये मऊ कूर्चा असते. कड्याच्या कडा पक्क्या व्हायला विशी उजाडते. लहान मुलीची श्रोणी ही तयार वस्तू नसते, ती घडत असते. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

जाता जाता एक गैरसमज. म्हातारी माणसं न्हाणीघरात पडतात आणि ‘खुबा मोडला’ असं आपण म्हणतो. त्यात बहुतेक वेळा श्रोणी मोडलेली नसते. उखळीत बसणाऱ्या मांडीच्या हाडाची मान मोडलेली असते. श्रोणीचं कडं मोडायला बहुधा मोठा धक्का लागतो, ट्रकखाली येण्यासारखा, आणि ते तसं मोडलं की आतल्या आत इतका रक्तस्राव होऊ शकतो की जिवावर बेततं. अशा जखमीला उचलताना खुब्यांभोवती घट्ट पट्टा बांधतात तो म्हणूनच.

या कड्याचं पहिलं काम बाळंतपणाचं नाही. ते भार वाहण्याचं आहे, पुरुषांतही आणि बायकांतही. डोकं, हात आणि धड यांचं वजन कण्यावरून त्रिकास्थीवर येतं. तिथून ते दोन भागांत विभागून दोन्ही खुब्यांत उतरतं आणि मग पायांत. आपण दोन पायांवर उभे राहिलो म्हणून हे असं आहे. चिंपांझीचं श्रोणिफलक उंच आणि चपटं असतं, आपलं बुटकं आणि बाजूंना वळलेलं. इथिओपियात 1974 मध्ये सापडलेल्या ‘ल्युसी’च्या सांगाड्यात, म्हणजे सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीच, हा बुटका आकार आलेला दिसतो. चालण्यासाठी श्रोणी बदलली तेव्हा मेंदू अजून लहानच होता. डोकं मोठं झालं ते फार नंतर, आणि तोवर हाडांनी आपला साचा ठरवून टाकला होता. शेरवुड वॉशबर्न या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानं 1960 मध्ये यावरून असं मांडलं की चालण्याला अरुंद श्रोणी हवी, बाळाच्या डोक्याला रुंद हवी, आणि माणसाची जात या कात्रीत सापडली. मांडणी सुटसुटीत आहे, म्हणून ती पाठ्यपुस्तकांत घट्ट बसली. पण 2012 मध्ये हॉली डन्सवर्थ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिला हरकत घेतली. रुंद श्रोणीनं चालताना जास्त शक्ती खर्च होते असं मोजमापात दिसत नाही, आणि बाळ नऊ महिन्यांनी बाहेर येतं ते आईच्या शरीराची ऊर्जा पुरवण्याची मर्यादा गाठली जाते म्हणून, असं त्यांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही. मला दुसऱ्या बाजूचं पारडं जड वाटतं, आणि त्याचं एक कारण पुढे नाशिकात येईल.

बाळाची वाट सुरू होते ती या कड्याच्या आतल्या काठापासून. त्याला तळ नसलेलं, पुढे कललेलं घंगाळ समजा. वरच्या तोंडाशी आडवं अंतर सुमारे 13 सेंमी असतं, पण पुढून मागे फक्त 11 च्या आसपास. हे अंतर कमी असण्याचं कारण मागून आत डोकावणारा त्रिकास्थीचा वरचा ओठ. खालच्या तोंडाशी हिशोब उलटा होतो. तिथं आडवं अंतर 11 आणि पुढून मागे, माकडहाड मागे सरकलं की, 13 च्या जवळ. मधल्या भागात दोन्ही आसनास्थींचे काटे आत आलेले असतात, आणि त्यांच्यामधलं अंतर साडेदहाच्या आसपास, म्हणजे सगळ्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा. बाळाचं डोकं नीट खाली वाकलेलं असेल तर त्याचा व्यास साडेनऊ. म्हणजे दोन्हीकडून मिळून जेमतेम एक सेंटीमीटर मोकळा.

एवढ्या जागेत बाळ सरळ घसरत येऊ शकत नाही. ते आडव्या तोंडानं शिरतं, आईच्या कुशीकडे पाहत. खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर डोकं टेकलं की ते वळतं आणि बहुतेक वेळा तोंड आईच्या पाठीकडे करतं, कारण खालचं तोंड लांबट आहे ते पुढून मागे. मग मान वर करत ते जघनास्थीच्या कमानीखालून बाहेर येतं आणि लगेच खांद्यांसाठी पुन्हा वळतं. या वळणात कवटीची हाडं एकमेकांवर थोडी चढतात. टाळू उघडी असते तिचा इथं उपयोग होतो. आईच्या बाजूनंही थोडी सवलत मिळते. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे सांधे किंचित सैल होतात. सातव्या-आठव्या महिन्यात बाई कंबर दुखते म्हणते आणि चालताना डुलते, त्यात या सैलपणाचा वाटा असतो.

जुन्या वैद्यांना मात्र वाटे की ही सवलत मोठी आहे. बाळंतपणात पुढचा सांधा उकलतो, हाडं बाजूला होतात आणि बाळ स्वतःच्या जोरानं बाहेर पडतं, असा समज ग्रीकांपासून चालत आला होता. हाडं वेळेला वाट देणारच असतील तर त्यांचा आकार पाहायचाच कशाला? शरीरशास्त्रज्ञ वेसालियसनं 1543 मध्ये श्रोणीचं नेमकं चित्र काढलं, बोलोन्याच्या आरांझीनं त्याच शतकात अरुंद श्रोणीचा धोका सांगितला. तरी बाळंतपण अडलं की दोष बाळाचा, बाईचा किंवा दैवाचा. मग आकडा लावून बाळाचे तुकडे करून काढायचे.

फान डेव्हेंटरचं पुस्तक हेगला 1701 मध्ये निघालं, पुरुष वैद्य आणि सुईणी दोघांसाठी. लॅटिनमध्येही आलं, 1716 मध्ये इंग्रजीत गेलं. त्यात श्रोणी हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. ती फार मोठी असू शकते, सगळ्या बाजूंनी लहान असू शकते, किंवा चपटी, म्हणजे मागचा ओठ पुढे आल्यामुळे पुढून-मागून दबलेली असू शकते. सुईणीनं हे हातानं तपासून ओळखावं, आणि हातानंच मदत करावी. आकड्यांना त्याचा विरोध होता. त्याचं सगळं बरोबर होतं असं नाही. गर्भाशय एका बाजूला कलल्यामुळे बाळंतपणं अडतात यावर त्यानं नको इतका भर दिला, आणि पुढच्या पिढीनं ते खोडून काढलं. माकडहाड हातानं मागे दाबायचा त्याचा सल्लाही आज कुणी देणार नाही. पण चपट्या श्रोणीचं वर्णन टिकलं.

त्याच वर्षांत पन्नास-साठ किलोमीटरवरच्या अॅमस्टरडॅममध्ये काय चाललं होतं हेही पाहण्यासारखं आहे. इंग्लंडच्या चेंबरलेन घराण्याकडून मिळालेली बाळ काढायच्या हत्याराची युक्ती तिथले रोनहॉयसन आणि त्यांचे शिष्य गुपित ठेवून विकत होते. ज्याच्याकडे पैसे, त्याला युक्ती. 1753 मध्ये दोघा डॉक्टरांनी ती छापून टाकली तेव्हा कुठे ती सर्वांची झाली. हत्यारानं किती जीव वाचले असते आणि गुपितामुळे किती गेले, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. फान डेव्हेंटरनं आपलं ज्ञान सुईणींना कळेल अशा डच भाषेत छापलं होतं.

पुढचं शतक मोजमापांचं. लंडनच्या विल्यम स्मेलीनं 1752 च्या ग्रंथात बोटं आत घालून त्रिकास्थीच्या ओठापर्यंतचं अंतर मोजायची रीत दिली. पॅरिसच्या बोदलॉकनं कंपाससारख्या उपकरणानं बाहेरूनच कंबर मोजायला सुरुवात केली, आणि बाहेरच्या मापावरून आतलं माप काढता येईल असा विश्वास दीडशे वर्षं टिकला. तो खोटा होता. बाहेरची रुंदी म्हणजे फलकाची कड, स्नायू आणि चरबी. आतल्या वाटेचं त्यात काही दिसत नाही. मुलगी बघायला गेल्यावर ‘कंबर रुंद आहे, बाळंतपण सोपं जाईल’ म्हणणाऱ्या आत्याबाई आणि बोदलॉकसाहेब एकाच नावेत बसले आहेत. 1933 मध्ये अमेरिकेतल्या कॉल्डवेल आणि मोलॉय यांनी क्ष-किरणांवरून बायकांच्या श्रोणीचे चार प्रकार पाडले, पण खऱ्या बायका बहुधा मिश्र निघतात. गरोदरपणी सरसकट क्ष-किरणांनी श्रोणी मोजायची पद्धतही मागे पडली. ‘रस्ता लहान आहे’ हे खरंच आहे की नाही, ते बहुतेक वेळा कळा सुरू झाल्यावर डोकं खाली येतं का, यावरूनच ठरतं.

आता मुडदुसाकडे वळू. या रोगावरचा पहिला वैद्यकीय प्रबंध 1645 मध्ये लायडन विद्यापीठात सादर झाला, डॅनियल व्हिसलर या इंग्रज विद्यार्थ्याचा. लायडन लायडस्खेनडामपासून दहा-बारा किलोमीटरवर. उत्तर युरोपातली ढगाळ, धुरकट शहरं हे या रोगाचं माहेर होतं. उन्हानं त्वचेत तयार होणारं ड जीवनसत्त्व कमी पडून हाडात चुना नीट भरला नाही की ते मऊ राहतं, आणि मऊ हाडाच्या मुलीनं बसायला, चालायला सुरुवात केली की धडाचं वजन त्रिकास्थीला पुढे आणि खाली ढकलतं. ओठ आत घुसतो. 11 सेंमीचं अंतर 8 वर येतं, कधी 6 वर. मुलगी बरी होते, हाडं कडक होतात, पण बिघडलेल्या आकारातच. वीस वर्षांनी ती गरोदर राहते तेव्हा बाळाचं साडेनऊचं डोकं तिथं अडतं. 1888 मध्ये ग्लासगोत मर्डोक कॅमरननं सिझेरियन करून बाई आणि बाळ दोघांना वाचवलं तेही अशाच, मुडदुसानं वाकलेल्या बाईवर. त्या शहरात तशा बायकांची वाण नव्हती.

हे सगळं थंड देशांचं असं आपण म्हणू शकलो असतो, नाशिक नसतं तर. नाशिकला हचिसन आणि शाह या संशोधकांनी केलेली पाहणी 1922 मध्ये प्रसिद्ध झाली. उन्हानं तापणाऱ्या गावात त्यांना मुडदूस सापडला, आणि सापडला तो चांगल्या खात्यापित्या घरांत. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू मुसलमान आणि उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत आईबरोबर तान्ही मुलंही अंधाऱ्या खोल्यांत राहत, आणि वयात आलेल्या मुली तर उंबऱ्याआडच. त्यांची हाडं मऊ पडत. शेतात, रस्त्यावर राबणाऱ्या बायकांची मुलं अर्धपोटी असूनही बहुधा यातून सुटत. दूध-तूप होतं, ऊन नव्हतं. मोठ्या बाईत हा रोग होतो तेव्हा श्रोणी वेगळीच बिघडते. दोन्ही खुब्यांकडून आणि त्रिकास्थीकडून असं तीन बाजूंनी कडं आत दबतं, पुढची जघनास्थी चोचीसारखी बाहेर येतात, आणि प्रत्येक बाळंतपणागणिक वाट अधिक बंद होते. पहिली दोन मुलं सुखरूप झालेली बाई तिसऱ्या वेळी अडते, आणि घरात कुणाला कारण कळत नाही.

वॉशबर्नच्या कात्रीबद्दल मी साशंक आहे तो या पुराव्यामुळे. निसर्गानं बाईला अरुंद केलं असं म्हणायच्या आधी, ती वाढत असताना तिला काय खायला मिळालं आणि किती ऊन मिळालं, हे विचारायला हवं.

श्रोणीचा तळ हाडाचा नाही, स्नायूंचा आहे, आणि त्याची कथा बाळंतपणानंतर सुरू होते. जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत ताणलेली स्नायूंची ही झोळी गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय तोलून धरते. वारंवार बाळंतपणं, लांबलेल्या कळा, ओलं अंग सुकायच्या आत डोक्यावर हंडे, यांनी ती सैल पडते आणि मग ‘अंग बाहेर येतं’. गावोगावच्या बायका हे वर्षानुवर्षं सोसतात, सांगत नाहीत. यावरची एक प्रसिद्ध शस्त्रक्रिया मुंबईची आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगात ओळखले जातात ते गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या, 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाक्यामुळे. पण घसरलेलं गर्भाशय पट्टीनं वर बांधायची त्यांची रीतही पाठ्यपुस्तकांत आहे. ती पट्टी मागे बांधली जाते कुठं, तर त्रिकास्थीच्या त्याच ओठाला, जो मऊ पडला की वाट अडवतो.

शेवटी पुन्हा फोरबर्गकडे. लायडस्खेनडाम-फोरबर्ग 52 उत्तर अक्षांशावर आहे. तिथं हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही, आणि गडद त्वचेला उन्हाळ्यातही गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेचा सल्ला असा आहे: चार वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व, आणि गरोदर बायकांना व सावळ्या-काळ्या त्वचेच्या माणसांना त्यानंतरही. हेगच्या आसपास नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबं पहिला भाग पाळतात, कारण बाळाच्या तपासणीत परिचारिका थेंबांची आठवण करते. चौथ्या वाढदिवसानंतर मात्र विचारणारं कुणी नसतं आणि बाटली कपाटात जाते. मुलीची श्रोणी त्यानंतरही दहा-बारा वर्षं घडत असते, तेव्हा ते थेंब बंद करायच्या आधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.